चान्स किती? : पोटातल्या पाण्याचा संसर्ग आणि मृत्यूचं भाकीत



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण इथं जमतो, त्यांचा वॉर्डातला एक शिरस्ता त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. कुणी रिपोर्टातला आकडा वाचून दाखवला की ते शांतपणे विचारायचे, ‘बरं, मग आता काय करणार?’ आकडा सांगून सुटका नाही, पुढचं पाऊल सांगा, असा त्याचा अर्थ. आजचा माझा विषय त्याच प्रश्नाचा विस्तार आहे.

विषय असा. लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाच्या पोटात पाणी साठलेलं असतं आणि त्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो. असा रुग्ण दवाखान्यात आल्यावर नातेवाईक बाहेर गाठून विचारतात, ‘डॉक्टर, चान्स किती?’ डॉक्टर काहीतरी टक्के सांगतात. ते टक्के येतात कुठून, त्यांवर किती विसंबावं आणि ते हातात घेऊन करायचं काय, हे आज मांडणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: मृत्यूचं भाकीत करायचं ते खोटं पाडता यावं म्हणून. जे भाकीत ऐकून कुणीच काही वेगळं करत नाही, ते कितीही अचूक असलं तरी रुग्णाच्या उपयोगाचं नाही.

आजार काय आहे

दारू, हिपॅटायटिस बी आणि सीचे विषाणू, मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातली चरबी, ही सिरॉसिसची आपल्याकडची मोठी कारणं. यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की प्रत्येक इजेचा व्रण मागं राहतो. व्रण वाढत जातात, यकृत आक्रसतं, कडक आणि गाठीगाठींचं होतं. आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या पोर्टल शिरेतल्या रक्ताला मग वाट मिळत नाही आणि तिथला दाब वाढतो. त्यातून अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, प्लीहा मोठी होते आणि पोटाच्या पोकळीत पाणी झिरपू लागतं. वैद्यकात याला जलोदर म्हणतात. घरात ‘पोटात पाणी झालंय’ एवढंच म्हटलं जातं.

निरोगी माणसाच्या आतड्यातले जंतू आतड्यातच राहतात. भिंत ओलांडून एखादा आलाच, तर लसिकाग्रंथी आणि यकृतातल्या भक्षक पेशी त्याचा समाचार घेतात. सिरॉसिसमध्ये आतड्याची भिंत सैल पडते आणि आतले जंतू वाढतात. त्यातच बरंचसं रक्त यकृताला बगल देऊन जातं, त्यामुळे तिथला पहारा चुकतो. पोटातल्या पाण्यात प्रथिनं कमी असली, विशेषतः डेसिलिटरला दीड ग्रॅमपेक्षा कमी, तर जंतूंना मारणारी द्रव्यंही त्यात अपुरी पडतात. मग ई. कोलाय किंवा क्लेब्सिएलासारखा आतड्यातलाच जंतू त्या पाण्यात मुक्काम ठोकतो. आतडं फुटलेलं नसतं, अपेंडिक्स सडलेलं नसतं, शस्त्रक्रियेनं दुरुस्त करावं असं काहीच नसतं. १९६४ साली अमेरिकेतले यकृततज्ज्ञ हॅरल्ड कॉन यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि ‘आपोआप होणारा’ उदरावरणदाह ही ओळख रूढ झाली. डॉक्टर मंडळी इंग्रजी आद्याक्षरं घेऊन त्याला एसबीपी म्हणतात. मीही आज तेच म्हणेन.

या आजाराचा कावा असा की तो गाजावाजा करत नाही. पोट लाकडासारखं कडक होणं, असह्य वेदना, सणकून ताप, ही पोटातल्या संसर्गाची पाठ्यपुस्तकी लक्षणं इथं अनेकदा नसतात. रुग्ण थोडा गुंगीत असतो, रात्री जागतो आणि दिवसा झोपतो, लघवी कमी होते, कावीळ वाढते. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. म्हणून नियम साधा आहे. पोटात पाणी असलेला सिरॉसिसचा रुग्ण कुठल्याही कारणानं दाखल झाला, तरी त्या पाण्याचा नमुना सुईनं काढून तपासायचा. एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा त्याहून जास्त न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आढळल्या की एसबीपी धरून उपचार सुरू करायचे. कल्चरसाठी थांबायचं नाही, कारण एसबीपीच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. रुग्णाच्या खाटेपाशीच ते पाणी रक्ताच्या कल्चर-बाटलीत घातलं, तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. एवढी साधी गोष्टही अनेक ठिकाणी होत नाही.

या आजाराचं वर्णन पहिल्यांदा झालं तेव्हा दहांतले नऊ रुग्ण दगावत. आज वेळेवर निदान आणि उपचार झाले तर रुग्णालयातल्या मृत्यूचं प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर येतं. नव्वदावरून वीस हा प्रवास भाकितांच्या इतिहासात फार बोलका आहे. त्या काळी कुणी ‘नव्वद टक्के’ म्हणालं असतं तर ते खरंच होतं, आणि तरीही तो या आजाराचा कायमचा स्वभाव नव्हता. त्या आकड्यात आजाराबरोबर त्या काळचं उशिराचं निदान आणि त्या काळची औषधंही मोजली गेली होती.

मोजमापांची गोष्ट

यकृताच्या रुग्णाचं भवितव्य मोजण्याची आपली दोन प्रमुख मापं भलत्याच कामासाठी जन्माला आली. १९६४ साली चाइल्ड आणि टर्कोट या मिशिगनच्या शल्यचिकित्सकांना एवढंच ठरवायचं होतं, की पोर्टल शिरेचा दाब कमी करण्याची मोठी शस्त्रक्रिया कोणता रुग्ण सोसेल. त्यांनी काविळीचं बिलिरुबिन, रक्तातलं अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम आणि पोषण अशा पाच गोष्टी घेऊन तीन वर्ग पाडले. १९७३ साली लंडनमध्ये प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पोषण’ ही डॉक्टरच्या नजरेवर सोडलेली बाब काढली. तिच्या जागी रक्त गोठण्याचा वेळ घेतला आणि प्रत्येक बाबीला गुण दिले. पाच ते पंधरा गुण, अ-ब-क असे वर्ग. कॅल्क्युलेटर लागत नाही, खाटेपाशी उभं राहून बोटांवर मोजता येतं. म्हणूनच पन्नास वर्षांनंतरही ते वापरात आहे.

त्याची अडचण दुहेरी आहे. पाणी ‘थोडं’ की ‘बरंच’, गुंगी ‘सौम्य’ की ‘गंभीर’, हे पाहणाऱ्यावर अवलंबून. शिवाय त्याला वरची पायरी नाही. बिलिरुबिन चार असो की चोवीस, गुण तेवढेच. आणि पाचांपैकी एकही बाब मूत्रपिंडाची नाही. ही उणीव किती महाग पडते ते पुढं येईलच.

२००० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मॅलिंचॉक, पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी दुसरं माप तयार केलं. तेही एका विशिष्ट कामासाठी: यकृतातून नळी टाकून पोर्टल शिरेचा दाब उतरवण्याच्या उपचारानंतर कोण किती जगेल, हे पाहण्यासाठी. पुढच्याच वर्षी ते सिरॉसिसच्या सर्वसाधारण रुग्णांनाही लागू पडतं असं दिसलं. हाच मेल्ड स्कोअर. त्यात बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा आयएनआर आणि मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन असे रक्ताचे तीनच आकडे. सहा ते चाळीस गुण, जितके जास्त तितका धोका मोठा. २००२च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं यकृत प्रत्यारोपणाची प्रतीक्षायादी या गुणांवर लावली. यादीत किती दिवस थांबलात, यापेक्षा आज किती आजारी आहात याला महत्त्व आलं. २०१६ साली त्यात सोडियम धरलं गेलं. २०२३ साली अल्ब्युमिन आणि स्त्री-पुरुष हा भेद आला.

शेवटच्या बदलामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा पदार्थ. स्नायू कमी असतील तर मूत्रपिंड बिघडलेलं असूनही क्रिएटिनिन कमीच दिसतं. स्त्रियांचे स्नायू मुळात कमी, त्यात सिरॉसिसनं ते झडतात. त्यामुळे तेवढ्याच आजारी असलेल्या स्त्रीला पुरुषापेक्षा कमी गुण मिळत आणि ती यादीत मागं राहत असे. नव्या सूत्रात स्त्रियांना वाढीव गुण दिले गेले. निःपक्षपाती म्हणून आणलेल्या सूत्रातही पक्षपात दडून बसला होता आणि तो काढायला वीस वर्षं लागली.

संसर्ग झाल्यावर आकडे कसे बदलतात

आता एसबीपीकडे वळू. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १७८ अभ्यासांमधले जवळपास बारा हजार रुग्ण एकत्र पाहिले गेले. सिरॉसिसच्या रुग्णाला कुठलाही गंभीर संसर्ग झाला की मृत्यूची शक्यता चौपट होते. महिन्याभरात साधारण तीस टक्के दगावतात आणि वर्षाअखेर त्रेसष्ट टक्के, असं त्यातून दिसलं. संसर्ग बरा झाला म्हणजे संकट टळलं असं नाही, हा त्यातला दुसरा धडा.

पण तीस टक्के ही सरासरी झाली. या तीसमध्ये कोण आणि उरलेल्या सत्तरमध्ये कोण, हा खरा प्रश्न. पुनीता टंडन आणि ग्वादालुपे गार्सिया-त्साओ या संशोधकांनी २०११ साली एसबीपीवरच्या आधीच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला. वय, ताप, पांढऱ्या पेशी, कल्चरमधला जंतू अशा अनेक घटकांमधून एक घटक ठळकपणे वर आला: मूत्रपिंडाची अवस्था. ज्यांचं मूत्रपिंड बिघडलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६७ टक्के, ज्यांचं शाबूत राहिलं त्यांच्यात ११ टक्के. संसर्ग पोटात, आजार यकृताचा आणि जीव अडकलेला मूत्रपिंडात.

असं का होतं? सिरॉसिसमध्ये पोटातल्या अवयवांच्या रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात. रक्त तिथं तुंबतं आणि उरलेल्या शरीराला ते कमी पडतं. त्यावर संसर्गाचा भडका उडाला की रक्तवाहिन्या आणखी सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. शरीर मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळून तो सावरू पाहतं. मूत्रपिंड स्वतः निरोगी असूनही रक्ताअभावी काम थांबवतं. त्यात पोटदुखीसाठी कुणी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलेलं असेल, पाणी उतरावं म्हणून लघवीची गोळी चालूच राहिली असेल, तर उरलासुरला आधारही जातो.

एक उदाहरण घेऊ. रुग्ण काल्पनिक आहे, गणित खरं आहे. साठ किलो वजनाचा पन्नाशीचा माणूस एसबीपी होऊन दाखल झाला. बिलिरुबिन ४, आयएनआर १.८, क्रिएटिनिन ०.९. मूळ मेल्डच्या सूत्रानं गुण येतात १८. दोन दिवसांनी बिलिरुबिन तेवढंच, आयएनआर तेवढाच, पण क्रिएटिनिन २ झालं. गुण झाले २५. यकृत जिथं होतं तिथंच आहे, अठ्ठेचाळीस तासांत फक्त मूत्रपिंड ढासळलं. २०१३ साली टंडन यांच्याच गटानं एसबीपीसाठी एक सोपी कसोटी मांडली, तिला ‘बावीस-अकरा’ म्हणतात: मेल्ड २२ किंवा अधिक आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी अकरा हजार किंवा अधिक. पहिला आकडा अवयव किती थकलेत ते सांगतो, दुसरा शरीरातला दाह किती भडकलाय ते. दोन्ही ओलांडणाऱ्यांचा महिन्याभरातला धोका सर्वांत मोठा. आपल्या रुग्णाच्या पेशी तेरा हजार असतील, तर पहिल्या दिवशी तो एका रेषेच्या अलीकडे होता, तिसऱ्या दिवशी दोन्हींच्या पलीकडे गेला.

आता हेच गणित चाळीस किलोच्या कृश बाईसाठी करा. तिचं क्रिएटिनिन ०.६ वरून १.२ झालं. म्हणजे मूत्रपिंडाचं काम ढोबळमानानं निम्म्यावर आलं. पण मेल्डमध्ये एकपेक्षा कमी क्रिएटिनिन एकच धरतात, त्यामुळे तिचे गुण वाढतात जेमतेम दोन. रिपोर्टवर १.२ पाहून कुणी दचकतही नाही. म्हणूनच २०१५ साली यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं निकष बदलला. क्रिएटिनिन किती आहे यापेक्षा ते किती वाढलं ते पाहा: अठ्ठेचाळीस तासांत ०.३ची वाढ, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट. आकड्याची उंची फसवते, त्याची चाल सहसा फसवत नाही.

भाकितातून उपचार

इथं माझ्या मुद्द्याचा कणा येतो. मूत्रपिंड ढासळणं हे मृत्यूचं सर्वांत मोठं लक्षण असेल, तर ते ढासळण्याआधीच आधार दिला तर? हा प्रश्न स्पेनमधल्या डॉक्टरांनी विचारला आणि १९९९ साली त्याचं उत्तर छापलं. एसबीपीच्या १२६ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोघांनाही सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक दिलं. एका गटाला त्याबरोबर शिरेतून अल्ब्युमिनही दिलं: पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. नुसत्या अँटिबायोटिकच्या गटात ३३ टक्के रुग्णांचं मूत्रपिंड बिघडलं, अल्ब्युमिनच्या गटात १० टक्के. रुग्णालयातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. तीन महिन्यांनंतरही फरक टिकला: ४१ आणि २२. दोन्ही गटांत संसर्ग सारख्याच प्रमाणात बरा झाला होता. म्हणजे जंतू मारून जे साधलं नसतं, ते मूत्रपिंड सांभाळून साधलं.

आपल्या साठ किलोच्या रुग्णासाठी हे गणित पहिल्या दिवशी नव्वद ग्रॅम, तिसऱ्या दिवशी साठ. वीस ग्रॅमच्या सात-आठ बाटल्या, एकेक काही हजार रुपयांची. ज्या घरानं दाखल करतानाच दागिना मोडला असेल, त्यांना ही यादी हातात पडल्यावर काय वाटत असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. आणि इथंही भाकीत कामी येतं. ज्यांचं बिलिरुबिन चारच्या खाली आणि क्रिएटिनिन एकच्या खाली आहे, त्यांना मूत्रपिंड बिघडण्याचा धोका मुळातच कमी असतो. ज्यांचं यापैकी एक जरी वर आहे, त्यांना अल्ब्युमिनचा फायदा सर्वांत जास्त. बाटल्या मोजक्या असतील तर कुणासाठी धावाधाव करायची, हे यावरून ठरतं.

मात्र एका ठिकाणी चाललेली गोष्ट सगळीकडे चालेल असं नाही. अल्ब्युमिन चांगलं, मग ते रक्तात कमी असलेल्या सिरॉसिसच्या दाखल रुग्णांना रोज द्या, असं करून ब्रिटनमध्ये पाहिलं गेलं. २०२१ साली निकाल आला: फायदा दिसला नाही. योग्य रुग्ण, योग्य वेळ, योग्य कारण हे तिन्ही जुळलं तरच औषध जीव वाचवतं.

मूत्रपिंडानंतरचा दुसरा घटक वेळ. अमेरिकेतल्या २३९ एसबीपी रुग्णांच्या २०१४ सालच्या अभ्यासात दिसलं, की दाखल झाल्यापासून पोटातल्या पाण्याची तपासणी होईपर्यंत जाणारा दर तास रुग्णालयातल्या मृत्यूची शक्यता ३.३ टक्क्यांनी वाढवतो. तपासणी बारा तासांनंतर झालेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे पावणेतीनपट होती. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे. तपासणी ज्यांची लांबली त्यांच्या काळजीत इतरही ढिलाई असू शकेल, हे मान्य. तरीही सुईनं थोडं पाणी काढण्यासाठी बारा तास लागावेत याचं समर्थन कशानंही होत नाही.

आपल्याकडे उशिराला आणखी दोन पाय फुटतात. एक, ‘पाणी एकदा काढलं की सारखं काढावं लागतं’ हा समज. पाणी परत भरतं ते आजारामुळे, काढल्यामुळे नाही. आणि तपासणीला तर सिरिंजभर पाणी पुरतं. सराईत हातानं ते काढलं तर गंभीर रक्तस्राव फार क्वचित होतो. दुसरा, काविळीसाठी आधी झाडपाला आणि गळ्यातली माळ करण्यात जाणारे दिवस. साधी कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. सिरॉसिसच्या रुग्णात मात्र तेच दिवस मूत्रपिंड वाचवण्याचे असतात.

तिसरा घटक संसर्ग कुठं लागला हा. घरी झालेला संसर्ग आणि रुग्णालयात राहून झालेला संसर्ग यांचे जंतू वेगळे. दुसऱ्या प्रकारात औषधांना दाद न देणारे जंतू जास्त. वेगवेगळ्या खंडांतल्या तेराशे रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बहुऔषधरोधक जंतूंचं प्रमाण एकंदर ३४ टक्के निघालं आणि भारतीय केंद्रांत ते फार मोठं होतं. अँटिबायोटिकचा पहिला डोस चुकला तर अशा रुग्णाचा धोका वाढतो. म्हणून परदेशी पुस्तकातलं औषध डोळे मिटून न देता आपल्या रुग्णालयात कुठले जंतू कुठल्या औषधाला दबतात, याची नोंद हाताशी हवी. पहिल्या डोसनंतर अठ्ठेचाळीस तासांनी पाणी पुन्हा तपासावं. न्यूट्रोफिल पेशी निदान एक चतुर्थांशानं तरी घटल्या नसतील, तर औषध लागू पडत नाही असं समजून ते बदलावं.

टक्क्यांचा अर्थ

आता ‘टक्के’ या शब्दाकडे. वेधशाळा म्हणते उद्या पावसाची शक्यता सत्तर टक्के. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, सत्तर टक्के असा काही पडणार नाही. अंदाज चांगला की वाईट हे एका दिवसावरून ठरत नाही. सत्तर टक्के म्हटलेल्या शंभर दिवसांपैकी सत्तरच्या आसपास दिवशी पाऊस झाला का, यावर ठरतं. स्कोअरचंही तसंच. तो अशा शंभर रुग्णांबद्दल बोलतो, समोरच्या एकाबद्दल नाही.

स्कोअरची परीक्षा दोन अंगांनी होते. जास्त धोक्याचा आणि कमी धोक्याचा रुग्ण तो वेगळा ओळखतो का, ही एक. आणि तो तीस म्हणतो तेव्हा खरोखर तीसच दगावतात का, ही दुसरी. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला स्कोअर दुसरीत नापास होऊ शकतो. युरोपात दारूमुळे झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णांवर बेतलेलं सूत्र, जंतू वेगळे, पोषण वेगळं, दवाखान्यात पोहोचण्याची वेळ वेगळी अशा ठिकाणी आणलं, तर क्रम बरोबर लावेल पण टक्के चुकवेल. म्हणून दिल्लीच्या यकृत आणि पित्तविज्ञान संस्थेतले डॉ. शिव सरीन यांच्या पुढाकारानं आशियातल्या रुग्णांवरून वेगळा स्कोअर तयार झाला. त्यात बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर आणि मेंदूवरचा परिणाम यांच्या जोडीला रक्तातलं लॅक्टेट आहे.

दुसरी गोष्ट, भाकीत एकदाच करायचं नसतं. २०१३ साली युरोपातल्या १३४३ रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं, की एकामागून एक अवयव निकामी होत गेले की महिन्याभरातला मृत्यूचा धोका पायऱ्यांनी चढतो. निकामी अवयवांवरून पाडलेल्या पहिल्या श्रेणीत सुमारे २२ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ३२ आणि तिसऱ्या श्रेणीत ७५च्या पुढं. त्याच रुग्णांच्या पुढच्या अभ्यासानं सांगितलं, की दाखल होतानाच्या श्रेणीपेक्षा तिसऱ्या ते सातव्या दिवसाची श्रेणी भवितव्य जास्त बरोबर सांगते. उपचारांना शरीर कसं उत्तर देतं, हे पहिल्या रात्री कुणालाच माहीत नसतं. पहिल्या रात्रीच्या आकड्यावर आशा सोडणं जितकं चूक, तितकंच सातव्या दिवशीचा आकडा न पाहता यंत्रं चालू ठेवणं चूक.

‘सूत्र कशाला, अनुभवी डॉक्टरची नजर पुरे,’ असंही कुणी म्हणेल. त्याचीही परीक्षा झाली आहे. शिकागोच्या क्रिस्टाकिस आणि लॅमंट यांनी २००० साली ३४३ डॉक्टरांना, अखेरच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दल विचारलं की हे किती जगतील. बरोबर अंदाज वीस टक्केच निघाले. बहुतेक चुका आशेच्या बाजूला झुकलेल्या होत्या. डॉक्टर रुग्णाला जितका जास्त काळ ओळखत होते, तितका अंदाज जास्त चुकला. माया हा डॉक्टरचा गुण आहे, पण ती मोजपट्टीचं काम करत नाही. म्हणून स्कोअर हवा. आणि स्कोअरला माणूस दिसत नाही, म्हणून डॉक्टरही हवा.

घरच्यांशी बोलताना

आपल्याकडे या बोलण्याची सुरुवात बहुधा ‘पेशंटला काही सांगू नका’ इथून होते. सांगणारा थोरला मुलगा किंवा मेहुणा असतो, हेतू प्रेमाचाच असतो. पण रुग्ण शुद्धीत असतो तेव्हाच त्याच्याशी बोलता येतं. या आजारात गुंगी कधी येईल याचा नेम नसतो. घर, कर्ज, लेकीचं लग्न, शेताची वाटणी आणि ‘मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका’ हे म्हणण्याचा हक्क, हे सगळं त्या काही दिवसांत असतं. मोठ्या धोक्याचं भाकीत लपवलं की हे दिवसच लपवले जातात.

सांगायचं कसं? नुसते टक्के सांगू नयेत. ‘अशा दहा रुग्णांतले पाच-सहा महिनाभरात जातात. मूत्रपिंड तीन दिवसांत सावरलं तर आपला माणूस उरलेल्यांत असण्याची शक्यता वाढेल. त्यासाठी आम्ही हे करतोय. सावरलं नाही, तर गुरुवारी पुन्हा बसून बोलू.’ यात आकडा आहे, अट आहे, कृती आहे आणि पुढची तारीखही आहे.

रुग्ण वाचला तरी बोलणं संपत नाही. एसबीपी एकदा झाला की प्रतिबंधक औषधाशिवाय तो वर्षभरात पुन्हा होण्याची शक्यता फार मोठी. १९९० सालच्या एका अभ्यासात औषध न घेणाऱ्यांत ती ६८ टक्के होती, रोज नॉरफ्लॉक्सासिन घेणाऱ्यांत २० टक्के. जंतू औषधाला सरावण्याची भीती आता वाढली आहे, त्यामुळे कुणाला आणि किती दिवस हे तज्ज्ञानं ठरवावं. पण डिस्चार्ज कार्डावर त्याचा विचारच नसणं अक्षम्य आहे. आणि एसबीपी ही प्रत्यारोपणाचा विचार करण्याची घंटा आहे. आपल्याकडे बहुतेक यकृतं घरातलाच जिवंत दाता देतो. पत्नी, मुलगी, भाऊ. दाता शोधायला, तपासायला, पैसा उभा करायला, मृत दात्याच्या यादीत नाव घालायला वेळ लागतो. तो वेळ संसर्ग बरा होऊन घरी गेल्यानंतरच्या शांत आठवड्यांत मिळतो. पुढच्या संकटात तो मिळत नाही. ज्यांना प्रत्यारोपण शक्य नाही, त्यांच्यासाठी वेदना, धाप, खाज आणि झोप यांची काळजी घेणारी परिहारसेवाही याच आठवड्यांत सुरू व्हावी. मरणाच्या आदल्या दिवशी तिची आठवण होऊन उपयोग नाही.

काय मागायचं

सगळ्यांत मोठं भाकीत तर पोटात पाणी होण्याआधीच खोटं पाडता येतं. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मताच मिळते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सिरॉसिस झाल्यावरही दारू कायमची सोडणाऱ्याचं आयुष्य वाढतं. यातल्या कशालाही स्कोअर लागत नाही.

पण ज्यांच्या पोटात आज पाणी आहे, त्यांच्यासाठी माझी मागणी मोजक्या शब्दांत मांडतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जलोदराचा रुग्ण दाखल झाल्यावर पाण्याची तपासणी किती तासांत झाली, याची नोंद व्हावी. क्रिएटिनिन रोज मोजलं जावं आणि कालच्या आकड्याशेजारी लिहिलं जावं. एसबीपी ठरल्यावर धोक्याच्या रुग्णाला अल्ब्युमिन मिळालं की नाही आणि नसेल तर का नाही, हे लिहिलं जावं. रुग्णालयातल्या जंतूंचा तक्ता वर्षातून एकदा तरी भिंतीवर लागावा. महिन्यानंतर आणि वर्षानंतर रुग्ण हयात आहे का, हे फोन करून विचारलं जावं. हे काम मोठ्या यंत्राचं नाही, एका रजिस्टरचं आणि ते नेमानं भरणाऱ्या माणसाचं आहे. त्यातूनच आपल्या मातीतल्या रुग्णांचा स्कोअर तयार होईल आणि परक्या देशाचे टक्के आपल्या माणसांना चिकटवण्याची वेळ येणार नाही. नव्वदाचे वीस झाले ते नवीन अँटिबायोटिक आलं एवढ्यामुळेच नव्हे. कुणीतरी सुई वेळेवर लावली, पेशी मोजल्या आणि मोजलेलं लिहून ठेवलं, म्हणूनही झाले. आपल्याकडे किती होतात, हे त्या रजिस्टरवर ठरणार आहे. ते मागण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि ते दाखवण्याचं बंधन आम्हा डॉक्टरांवर आहे.